नवा बंदी आत आला की: जेलच्या दवाखान्यातल्या सिस्टरची पद्धत

मराठवाड्यातल्या एका जिल्हा कारागृहात मी काही वर्षं काढली. नवीन सिस्टर-ब्रदर विचारतात, सुरुवात कुठून करू? नव्या बंद्यापासून करा. बराकीतल्या माणसाला दुखलं म्हणून उठून दवाखान्यात येता येत नाही. दार दुसऱ्याच्या हातात असतं.

आधी शर्ट काढायला लावा आणि पाठ, तळपाय, कानामागं बघा. वळ, सूज जशी दिसेल तशी लिहा. ‘पडलो’ म्हणाला तर ‘पडलो असे सांगतो’ एवढंच लिहा, ‘पडल्याने जखम’ नाही. सही करायची घाई गेटवरच्यांना असते, आपल्याला नाही.

मग दारू. ‘पिता का?’ विचारलं तर सगळेच माळकरी. ‘काका, शेवटचा घोट कधी घेतला?’ असं विचारा, तोंडातून वेळ निघते. दोन्ही हात पुढं धरायला लावून बोटांवर कागद ठेवा. कागद थरथरला की डॉक्टरांना कळवा. दारू एकदम तुटली की झटके बहुतेक पहिल्या 48 तासांत येतात, भ्रम साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. आमच्याकडं एक ऊसतोडीचा मुकादम तिसऱ्या रात्री भिंतीला ‘हो, हो’ करत बैल हाकत होता. बराकीतले म्हणाले, अंगात आलंय. ड्युटीवरचा म्हणाला, नाटक करतोय. अंग तापलेलं, घामानं बनियन भिजलेलं, नाडी 130. रात्रीतच जिल्हा रुग्णालयात हलवला म्हणून वाचला. अशा माणसाला आधी थायमिन (बी-1 जीवनसत्त्व), मग ग्लुकोज. झोपेची गोळी डॉक्टरांनी लिहून दिली तरच. आणि त्याला एकट्याला कोठडीत ठेवू देऊ नका.

बाहेरच्या गोळ्या गेटवर जमा होतात. फिट्स, शुगर किंवा मानसिक आजाराची गोळी चालू असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडून लिहून घ्या. नाव सांगता येत नसेल तर घरच्यांना मुलाखतीला जुनी चिठ्ठी आणायला सांगा. ‘पांढरी गोळी’ यावर काही होत नाही. फिटची गोळी एकदम तुटली तर फिट येणारच म्हणून समजा.

गोळी समोर गिळवा. पाणी पाजा, जीभ उचलायला सांगा, मग विचारा, ‘दादा, गाव कुठलं?’ गालात गोळी धरलेल्याला ‘गंगाखेड’ नीट म्हणता येत नाही. झोपेच्या गोळीला बराकीत गिऱ्हाईक असतं.

दोन आठवड्यांचा खोकला असेल तर बेडका तपासायला पाठवा, रिपोर्ट येईपर्यंत गर्दीपासून वेगळा, हवेशीर जागी. टीबी निघाला तर साधा उपचारसुद्धा सहा महिन्यांचा. जामिनाचा कागद येतो संध्याकाळी, तेव्हा दवाखान्याला कुलूप. म्हणून त्याची पिशवी आधीच भरून ठेवायची: महिन्याच्या गोळ्या, निक्षय नंबर (टीबीच्या पेशंटचा सरकारी नोंदणी क्रमांक), गावाजवळच्या आरोग्य केंद्राचं नाव. मी ती गेटवरच्या हवालदाराच्या टेबलाखाली ठेवते, वर त्याचा बंदी नंबर लिहून.