दिवाळीनंतरचं सामान: काय भंगारात द्यावं, काय देऊ नये

भाऊबीज उरकली की आवराआवरीत निघालेलं सामान ओसरीत पडून राहतं. सगळं एका पोत्यात कोंबून भंगारवाल्याच्या हवाली करू नका. आधी निवडा.

लोखंड, रद्दी, पुठ्ठे त्याला खुशाल द्या. पितळ, तांबं, जर्मनची भांडी मात्र भांड्याच्या दुकानात मोडीत घाला. वरचा फरक भरला की नवं भांडं मिळतं. जुन्या सुती साड्या-धोतरांची वाकळ शिवून घ्या.

मग कूलर, मिक्सर, पंखे. विहिरी-बोअरच्या मोटारींमुळं आपल्याकडं बहुतेक तालुक्याच्या गावी रिवायंडिंगचं दुकान असतंच. तिथं आधी दाखवा. कूलरचा पत्रा सडला तरी मोटार आणि पंप चालू असतील तर काढून ठेवा. उन्हाळ्यात नव्या बॉडीला लागतात.

बॅटरी, सर्किट किंवा पडदा असलेल्या वस्तूंना मात्र वेगळा डबा करा. भंगारात गेलेल्या वायरी तांब्यासाठी जाळतात आणि तो धूर विषारी असतो. डबा टीव्हीच्या काचेत शिसं असतं, तो खोलायच्या फंदात पडू नका. ट्यूब आणि सीएफएलमध्ये पारा असतो. फुटलीच तर खिडक्या उघडा, झाडू न मारता जाड कागदानं तुकडे उचला आणि जागा ओल्या कापडानं पुसा.

मोबाइल देण्याआधी फोटो उतरवून घ्या, सिम आणि मेमरी कार्ड काढा. गूगल खात्यातून आधी बाहेर पडा, मगच फॅक्टरी रीसेट मारा. उलट केलं तर फोन पुन्हा जुनंच खातं मागत बसू शकतो. बॅटरी फुगली असेल तर चार्जिंगला लावू नका, टोचू नका. कोरडी वाळू घातलेल्या पत्र्याच्या डब्यात, घराबाहेर सावलीला ठेवा.

हे सगळं द्यायचं कुठं? २०२२ चे ई-कचरा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. वस्तू बनवणाऱ्या कंपनीवरच रिसायकलिंगची जबाबदारी आहे. कंपनीच्या वेबसाइटवर संकलन केंद्र किंवा हेल्पलाइन शोधा. तालुक्याला सोय नसेल तर डबा भरू द्या आणि संभाजीनगर, नांदेड, लातूरला जाणं होईल तेव्हा आधी फोन करून सोबत न्या.

इन्व्हर्टरच्या बॅटरीचं सोपं आहे: नवी घेताना दुकानदार जुनी परत घेऊन किंमत कमी करतो. फक्त आतलं ॲसिड मोरीत ओतू नका. आहे तशी, उभी न्या.