शाळेच्या नावाआधी कोर्सची यादी बघा: अमेरिकेतल्या मोठ्या शहरात पब्लिक हायस्कूल निवडताना

इथलं हायस्कूल नववी ते बारावी, म्हणून दर सप्टेंबरात आठवीत गेलेल्या मुलांच्या आयांचे मेसेज सुरू होतात, कुठली शाळा चांगली गं? आणि मी दरवेळी उलटंच विचारते, त्या शाळेत बारावीला गणिताचा कुठला वर्ग आहे ते बघितलंस का? रेटिंग सगळ्यांनी बघितलेलं असतं. आम्हीही थोरल्याच्या वेळी तेच केलं, आकडा बघितला, इमारत बघितली, ओपन हाउसला फुकटचे डोनट खाल्ले आणि घरी आलो. मग तो दहावीत गेल्यावर कळलं की माहितीपत्रकात छापलेला एपी (अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट, म्हणजे हायस्कूलमध्येच कॉलेजच्या पातळीचा) फिजिक्सचा वर्ग दोन वर्षं भरलाच नव्हता, शिकवणारं कोणी नव्हतं म्हणून.

आधी पटकन प्रकार सांगते. पत्त्यावरून मिळते ती झोनची शाळा. मॅग्नेट म्हणजे विज्ञान, कला, भाषा असा काहीतरी खास विषय धरून चालणारी सरकारीच शाळा. चार्टरचा खर्चही सरकारी, फी शून्य, फक्त चालवणारी संस्था वेगळी असते आणि अर्ज जास्त आले की लॉटरी (पहिला चार्टर कायदा मिनेसोटात १९९१ साली झाला). आणि चौथ्या म्हणजे परीक्षा किंवा मार्क बघून घेणाऱ्या, न्यूयॉर्कमध्ये स्टायवेसंट, ब्राँक्स सायन्स धरून आठ शाळा एकाच प्रवेशपरीक्षेवर घेतात, बॉस्टनला तीन एक्झाम स्कूल आहेत, त्यातली बॉस्टन लॅटिन तर १६३५ सालची. आपल्या लोकांचा सगळा जीव या चौथ्या प्रकारात अडकलेला असतो, आणि तिथे जागा मुठभर. म्हणून अर्जात पसंतीच्या क्रमाने जी यादी लिहायची असते तिच्यातल्या बाकीच्या शाळा नीट बघायच्या, कारण मूल बहुतेक तिथेच जाणार आहे.

बघायचं कसं? शाळेचा कोर्स कॅटलॉग मागवा किंवा वेबसाइटवरून उतरवून घ्या, पण त्यावर थांबू नका, या वर्षीचं मास्टर शेड्यूल मागा, म्हणजे खरोखर कुठले वर्ग चालू आहेत आणि प्रत्येकाच्या किती तुकड्या आहेत. कॅटलॉग म्हणजे हॉटेलचं मेनूकार्ड, आज काय शिल्लक आहे ते वेटरच सांगणार. कॅल्क्युलसची एकच तुकडी असेल आणि ती बँडच्या वेळेलाच असेल तर तुमच्या मुलाला दोन्हीपैकी एक सोडावं लागेल, हे आधी कळलेलं बरं.

लेबलांना भुलू नका. बऱ्याच शाळांत ‘कॉलेज प्रेप’ हे चक्क साध्या वर्गाचं नाव असतं, त्याच्या वर ऑनर्स, त्याच्या वर एपी. आपण ऐकतो आणि खूश होतो, अरे वा, पोरगं कॉलेज प्रेपमध्ये आहे! ऑनर्स म्हणजे काय हेही बहुतेक ठिकाणी शाळा किंवा डिस्ट्रिक्टच (म्हणजे तिथल्या सरकारी शाळा चालवणारं खातं) ठरवतं. एपीचं तसं नाही, शिक्षकाचा अभ्यासक्रम एपी चालवणाऱ्या कॉलेज बोर्ड या संस्थेकडून मंजूर व्हावा लागतो आणि मंजूर कोर्सची यादी ऑनलाइन कोणालाही बघता येते. कॅलिफोर्नियात असाल तर ‘ए टू जी’ हा शब्द पाठच करा. तिथल्या सरकारी युनिव्हर्सिटींना ठरलेल्या विषयांचे १५ वर्षभराचे कोर्स लागतात, सी किंवा वरच्या ग्रेडने, आणि यूसीसाठी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) त्यातले ११ अकरावी संपायच्या आत. हायस्कूलचा डिप्लोमा मिळाला म्हणजे हे पूर्ण झालं असं अजिबात नाही, कुठल्या शाळेचा कुठला कोर्स त्यात धरतात ते यूसीच्या साइटवर शोधता येतं.

गणिताचं मात्र नववीत बघून चालत नाही, पाचवी-सहावीतच उलटं मोजायला बसा. बारावीत कॅल्क्युलस हवं तर अकरावीत प्रीकॅल्क्युलस, दहावीत अल्जेब्रा टू, नववीत जॉमेट्री, म्हणजे आठवीत अल्जेब्रा वन झालेलं हवं. आणि ते प्रत्येक मिडल स्कूलमध्ये मिळतंच असं नाही. सॅन फ्रान्सिस्कोने २०१४ मध्ये आठवीतून काढून टाकलं होतं, पालक दहा वर्षं भांडत होते. ज्यांचं हुकलं त्यांनी घाबरू नका, एका वर्षी जॉमेट्री आणि अल्जेब्रा टू एकत्र घेता येतं किंवा एक कोर्स उन्हाळ्यात करता येतो, पण तुमची शाळा हे चालवून घेते का ते आधी विचारा. आणि खरं सांगू, प्रत्येक मुलाला कॅल्क्युलस हवंच असंही नाही, माझ्या धाकटीने स्टॅटिस्टिक्स घेतलं आणि मजेत आहे.

एपी की आयबी (इंटरनॅशनल बॅकॅलॉरिएट) यावर आपल्याकडे फार डोकी फुटतात. एपी सुटं सुटं घेता येतं, परीक्षा मे महिन्यात, गुण १ ते ५. आयबी डिप्लोमा दोन वर्षांचा पूर्ण संच, सहा विषय, ४००० शब्दांपर्यंतचा निबंध, एकूण ४५ गुण. लिहायला आवडणाऱ्या मुलाला आयबी मानवतं, एकाच विषयात घुसणाऱ्याला एपी, इतकं साधं मी धरते. शाळेला मात्र एवढं विचारा, की पूर्ण डिप्लोमा किती मुलं घेतात आणि एपीच्या वर्गातली किती मुलं शेवटी परीक्षेला बसतात. ड्युअल एनरोलमेंट म्हणजे हायस्कूलमध्ये असतानाच कम्युनिटी कॉलेजचा (दोन वर्षांच्या स्थानिक सरकारी कॉलेजचा) कोर्स, स्वस्त आणि छान, आपल्याच राज्याच्या सरकारी कॉलेजात क्रेडिट बऱ्यापैकी चालतं, खासगी कॉलेजं बऱ्याचदा नाही म्हणतात. आणि तिथली ग्रेड कॉलेजच्या रेकॉर्डला कायमची चिकटते, तेव्हा गंमत म्हणून घेऊ नका.

‘आमची १०० टक्के मुलं कॉलेजला’ असा बोर्ड दिसला की दोन आकडे मागा, नववीत किती होती आणि बारावीत किती उरली. नववीत १२० आणि बारावीत ७० असतील तर ते १०० टक्के कशाचे? तसंच प्रवेश मिळाला म्हणजे गेली असं नाही आणि गेली म्हणजे दुसऱ्या वर्षापर्यंत टिकली असं नाही. विषय निवडायला आणि कॉलेजच्या अर्जाला मदत करणाऱ्या शाळेतल्या काउन्सेलरमागे किती मुलं तेही विचारा, काउन्सेलर लोकांची संघटना २५० म्हणते, शहरात तेवढं मिळालं तर नशीब.

आता यादीचा क्रम. इथे आपली मंडळी फार हुशारी करतात. न्यूयॉर्कमध्ये पूर्वी पाचच शाळा लिहिता यायच्या आणि दरवर्षी जवळजवळ ३०,००० मुलांना यादीत नसलेली शाळा मिळायची. मग २००३-०४ मध्ये अल्विन रॉथ आणि सोबतच्या अर्थतज्ज्ञांनी नवी पद्धत बसवली, रॉथना २०१२ मध्ये नोबेल मिळालं ते अशाच कामासाठी. त्यात होतं असं की मुलाचं नाव आधी पहिल्या शाळेकडे जातं, तिथे जागा तात्पुरती धरली जाते, त्याच्यापेक्षा वरचा हक्क असलेलं कोणी आलं तर हे नाव सुटून दुसऱ्या शाळेकडे जातं, आणि तिथे ते जणू पहिलीच पसंती असल्यासारखंच बघितलं जातं. म्हणजे अवघड शाळा वर लिहिली म्हणून खालची हातची जात नाही. तेव्हा मनात जो क्रम आहे तोच लिहा, ‘ही मिळणार नाही, कशाला एक नंबर वाया घालवू’ असं करू नका, नंबर वाया जातच नाही. फक्त तळाला एकदोन अशा ठेवा जिथे शक्यता बरी आहे आणि मूल खरंच जायला तयार आहे.

पण सगळीकडे हाच नियम नसतो हं. बॉस्टनमध्ये २००५ पर्यंत पहिल्या पसंतीवाल्यांना आधी जागा द्यायचे, तिथे डाव खेळावाच लागायचा. म्हणून तुमच्या डिस्ट्रिक्टच्या ऑफिसात सरळ विचारा, की आम्ही शाळा कितव्या नंबरवर लिहिली यावरून आमची शक्यता बदलते का? भावंडाचा, झोनचा अग्रक्रम कसा धरतात तेही तिथेच विचारून घ्या. काही चार्टर शहराच्या एकत्रित अर्जात नसतात, त्यांची तारीख वेगळी असते आणि ती हमखास हुकते.

यादी पक्की करायच्या आधी एकदा सकाळी शाळेच्या वेळेला त्याच बसने, त्याच ट्रेनने मुलासोबत जाऊन या. रविवारी गाडीने नाही. सव्वा तासाचा प्रवास एका बाजूने, त्यात रोबोटिक्स क्लब संपणार साडेपाचला, म्हणजे घरी सात आणि मग एपीचा अभ्यास, हे चार वर्षं जमेल का ते मुलालाच ठरवू दे.

निकाल लागल्यावर मनासारखं झालं नाही तर वेटलिस्टला नाव ठेवा, जागा उन्हाळाभर हलतात, काही तर शाळा सुरू झाल्यावरही. मिळालेली जागा मात्र आधी स्वीकारून टाका, त्याने वेटलिस्टवरचं नाव जात नाही ना एवढं विचारून. आणि जुलैत भारतात जाणार असाल तर अर्जातला ईमेल रोज उघडा, उत्तर द्यायला मोजके दिवस देतात, आमच्या ओळखीत एकीची ऑफर लग्नाच्या गडबडीत अशीच निघून गेली.