मोराचा बगळा झाला तेव्हा

पैठणीच्या विणकरांबरोबरच्या कार्यशाळेला निघालेले दोघं-तिघं सध्या विचारतायत, "काय तयारी करून जाऊ?" काठ-पदर, असावली (फुलवेल), मुनिया (पोपट) ही नक्षी तुम्हाला ठाऊकच असणार. मी अशाच एका कार्यशाळेसाठी दहा दिवस येवल्याला होते आणि त्यातले चार दिवस मातीत घातले. ते कसे, एवढंच सांगते.

मोराचं डिझाइन मी घरूनच करून नेलं होतं. कॉम्प्युटरवर, चौकोनी घरांच्या ग्राफवर, एक घर म्हणजे एक धागा. माझ्या वाट्याला आलेल्या विणकर काकांनी कागद दोनदा फिरवून पाहिला आणि काही न बोलता विणायला घेतलं. चौथ्या दिवशी म्हणाले, "ताई, मोर म्हणाला होता ना? हा बगळा झालाय."

ग्राफचं घर चौकोनी असतं, वीण चौकोनी नसते. समजा, एका इंचात उभे धागे 80 आणि आडवे 60 बसतात. तुम्ही 40 घरं रुंद, 40 घरं उंच असा गोल काढला. मागावर त्याची रुंदी 40 भागिले 80, म्हणजे अर्धा इंच. उंची 40 भागिले 60, म्हणजे पाऊण इंचाला थोडी कमी. गोलाचं अंडं झालं! उंची तीच ठेवून गोल हवा असेल तर रुंदीत 40 ऐवजी 53 घरं लागतील. म्हणून ज्या मागावर विणायचं आहे, त्याच मागावरच्या विणलेल्या कापडावर भिंग ठेवून दोन्हीकडचे धागे मोजा आणि मगच ग्राफ आखा. नुसत्या ताण्यावर, म्हणजे मागावर ताणलेल्या उभ्या धाग्यांवर, मोजू नका, दुसऱ्या मागाचा आकडा उसना घेऊ नका, आणि "साधारण सारखंच असतं" म्हणणाऱ्याचं ऐकू नका. मी ऐकलं होतं. सांगणारे मोठे मार्गदर्शक होते. स्लाइड सुंदर होत्या, मागावर बसलेले मात्र मी त्यांना एकदाही पाहिलं नाही.

मी काकांना विचारलं, आधीच का नाही बोललात? "तुम्ही कॉलेजात शिकलेल्या. म्हटलं, नवीन पद्धतीचा मोर असेल."

हे मला जास्त लागलं. आपला कागद छापील असतो, त्यामुळे समोरचा माणूस गप्प बसतो. कच्चं, पेन्सिलीचं चित्र न्या. खोडरबर त्यांच्या हातात द्या.

दुसरं, पिसाऱ्यात मी निळ्याच्या नऊ छटा भरल्या होत्या. पैठणीच्या नक्षीत रंगाच्या प्रत्येक सुट्या तुकड्याला त्याची वेगळी तिल्ली (धागा गुंडाळलेली छोटी कांडी) लागते, आणि दोन रंग भेटतात तिथे धागे एकमेकांत अडकवावे लागतात; म्हणून तर पैठणी उलट-सुलट सारखी दिसते. माझ्या एकेका ओळीत चाळीसच्या वर तिल्ल्या लोंबत होत्या. काकांनी नऊचे तीन रंग केले आणि पिसारा आधीपेक्षा उठून दिसला. ताण्याचा रंग बदलून मागू नका. तो आधीच चढलेला असतो.

नेटवरून उतरवलेली कोयरी घेऊन जाणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही. बोलले तर वाईट बोलेन.

आणि जायच्या आधी एक प्रश्न विचाराच: विणकरांना या दिवसांची मजुरी मिळणार आहे का? आपण शिकायला जातो, त्यांचा माग तेवढे दिवस अडकतो. आमच्याकडे हा विषय सातव्या दिवशी निघाला, तोही चहाच्या टपरीवर. 2010 मध्ये पैठणीला भौगोलिक मानांकन मिळालं, पण ते नावाला आणि प्रदेशाला. कार्यशाळेत विणून होणाऱ्या तुमच्या पट्टीच्या चिठ्ठीवर विणकराचं नाव घालायचं काम तुमचंच.

घाबरू नका मात्र. दहा दिवसांत साडी होत नाही, वीतभर पट्टी झाली तरी पुष्कळ. माझा दुसरा मोर शेवटच्या दिवशी संध्याकाळी उतरला, जरा जाड मानेचा, पण मोरच.

बगळा मी मागून घेणार होते. काकांनी दिला नाही. मागाशेजारच्या खिळ्याला टांगलाय. कॉलेजातलं नवीन कोणी आलं की आधी त्या बगळ्याकडे बोट दाखवतात म्हणे.