विज्ञान-तंत्रज्ञान शाखांमधली गळती : वर्ग मोठा म्हणून दोष देण्याआधी या चुका टाळा

पहिल्या वर्षाला गच्च भरलेला वर्ग पुढच्या वर्षी विरळ का दिसतो, हा प्रश्न विज्ञान आणि तंत्रज्ञानाच्या विभागांत दरवर्षी निघतो. उत्तरंही ठरलेली असतात : वर्ग फार मोठे आहेत, नाहीतर मुलांचा पायाच कच्चा आहे. दोन्हींत तथ्य आहे. तरीही त्यावर बेतलेले उपाय बरेचदा फुकट जातात, कारण मुळात मोजणीच चुकलेली असते.

सरासरी विद्यार्थीसंख्येवर विसंबणं

समजा, एका विभागात दहा वर्ग चालतात. नऊ वर्गांत प्रत्येकी २० विद्यार्थी आणि दहाव्यात, म्हणजे पहिल्या वर्षाच्या सामाईक विषयाला, ३२०. एकूण ५०० जागा, सरासरी ५०. अहवालात हाच आकडा जातो आणि तो बरोबरही असतो. आता तीच सरासरी विद्यार्थ्याच्या बाजूने काढा. ५०० पैकी ३२० जण ३२० च्या वर्गात बसतात, उरलेले १८० जण २० च्या वर्गात. प्रत्येकाला आपला वर्ग केवढा दिसतो याची सरासरी येते २१२. संस्थेचा आकडा ५०, विद्यार्थ्यांचा अनुभव २१२!

शिवाय तो मोठा वर्ग नवख्यांच्याच वाट्याला येतो. म्हणून विभागाची सरासरी बाजूला ठेवा आणि पहिल्या वर्षाच्या सर्वांत मोठ्या वर्गाचा आकडा वेगळा मांडा.

निकाल फक्त परीक्षेला बसलेल्यांवर काढणं

३०० जणांनी नावं घातली, ६० जणांनी मध्येच विषय सोडला, २४० परीक्षेला बसले, १९२ उत्तीर्ण झाले. निकाल ८० टक्के लागला असं म्हणता येतं. पण सुरुवातीच्या ३०० मधले ६४ टक्केच पुढे गेले. प्रोग्रॅमिंगच्या पहिल्या अभ्यासक्रमाबद्दल येन्स बेनेडसेन आणि मायकल कास्पर्सन यांनी २००७ साली निरनिराळ्या देशांतल्या संस्थांकडून आकडे गोळा केले, तेव्हा मध्येच सोडणारे आणि परीक्षेला न बसणारेही धरले. सुमारे ३३ टक्के विद्यार्थी उत्तीर्ण होऊ शकले नव्हते. भाजक पहिल्या दिवसाच्या हजेरीपटावरूनच घ्यायला हवा. नाहीतर जो गेला तो हिशेबातूनही जातो.

तुकड्या पाडल्या की प्रश्न सुटला असं समजणं

सर्वांत महागडी चूक हीच. ३०० च्या वर्गाच्या सहा तुकड्या केल्या, वेळापत्रक तिप्पट किचकट झालं, नवे तासिका शिक्षक नेमले आणि प्रत्येक तुकडीत फळ्यावर तेच एकतर्फी व्याख्यान सुरू राहिलं, तर गळती का थांबावी?

स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या पदवी वर्गांवरचे २२५ अभ्यास एकत्र तपासले. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांत नापास होण्याचं सरासरी प्रमाण ३३.८ टक्के निघालं. विद्यार्थ्यांना वर्गातच विचार करायला, सोडवायला आणि बोलायला लावणाऱ्या वर्गांत ते २१.८ टक्के होतं. हा फायदा लहान-मोठ्या सगळ्या वर्गांत दिसला. मात्र पन्नासपर्यंतच्या वर्गांत तो सर्वाधिक होता, म्हणजे आकार अगदीच गौण नाही.

मोठ्या वर्गात हे कसं जमवायचं, याचा नमुना कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात मिळतो. तिथे भौतिकशास्त्राच्या प्रत्येकी सुमारे २७० विद्यार्थ्यांच्या दोन वर्गांना एक आठवडा तोच भाग शिकवला गेला. एका वर्गाला विद्यार्थ्यांची पसंती असलेले अनुभवी प्राध्यापक नेहमीसारखे शिकवत होते. दुसऱ्याला शिकवणाऱ्यांचा अनुभव फारच कमी होता, पण त्यांना पद्धतीचं प्रशिक्षण होतं. विद्यार्थी थोडं वाचून येत, वर्गात एक अवघड प्रश्न पडद्यावर येई, शेजाऱ्याशी चर्चा करून प्रत्येक जण उत्तर नोंदवी आणि उत्तरं कुठे फसली ते पाहून शिक्षक बोलत. नंतरच्या चाचणीत पहिल्या वर्गाची सरासरी ४१ टक्के आली, दुसऱ्याची ७४. हा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. माझ्या मते तुकड्या वाढवण्याचा खर्च मंजूर करण्याआधी प्रत्येक विभागाने तो वाचायला हवा.

आकार खरोखर आडवा येतो तो प्रयोगशाळेत आणि वह्या तपासताना. एका उपकरणावर चौघे उभे केले की एक जण हात चालवतो, एक वाचनं टिपतो आणि दोघे वाचनं उतरवून घेतात. सत्र संपतं तरी त्या दोघांनी नॉब फिरवलेला नसतो. तीनशे वह्या एकाच माणसाकडे असतील, तर पहिली वही परत मिळेपर्यंत तिसरा धडा सुरू झालेला असतो. पैसा आणि माणसं मोजकी असतील तर व्याख्यानाचा वर्ग मोठाच राहू द्या. प्रॅक्टिकलची बॅच लहान करा आणि तपासणीला माणूस वाढवा.

सहामाहीपर्यंत वाट पाहणं

या विषयांत प्रत्येक पायरी मागच्या पायरीवर उभी असते. प्रोग्रॅमिंगमध्ये व्हेरिएबल (माहिती ठेवायची नाव दिलेली जागा) समजलं नाही तर लूप (तीच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणारी सूचना) समजत नाही, लूप समजला नाही की अ‍ॅरे (अनेक मूल्यांची ओळीने मांडलेली यादी) हाताबाहेर जातो. अँथनी रॉबिन्स यांनी २०१० मध्ये प्रोग्रॅमिंगबद्दल हीच मांडणी केली : सुरुवातीला जमलं की पुढचं सोपं होत जातं, सुरुवातीला हुकलं की पुढचं अवघड होत जातं, आणि म्हणून एकाच वर्गात खूप वरचे आणि खूप खालचे निकाल दिसतात. सहामाही परीक्षेच्या गुणांवरून धोका ओळखणं म्हणजे फार उशीर. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात कमी गुणांची छोटी चाचणी घ्या. पहिलं गृहपाठाचं काम कोणी दिलं नाही, ती यादी त्याच दिवशी काढा आणि त्या मुलांशी नाव घेऊन बोला. सगळ्या वर्गाला पाठवलेली सूचना कोणी स्वतःसाठी आहे असं मानत नाही.

जाणारे कच्चेच होते असं धरून चालणं

मला सर्वांत जास्त खटकते ती ही समजूत. एलेन सेमूर आणि नॅन्सी ह्युइट यांनी अमेरिकेतल्या सात संस्थांमध्ये शाखा सोडणाऱ्यांच्या आणि टिकणाऱ्यांच्या मुलाखती घेतल्या. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या या कामातून दिसलं की कुवतीत दोन गट फारसे वेगळे नव्हते. सोडणाऱ्यांपैकी दहात नऊ जणांनी शिकवण्याच्या दर्जाबद्दल तक्रार केली. तीच तक्रार टिकलेल्यांपैकीही बहुतेकांची होती.

या समजुतीतूनच 'कच्च्या मुलांसाठी जादा तास' निघतात आणि तिथे कोणी फिरकत नाही, कारण जाणं म्हणजे आपण कच्चे असल्याची कबुली देणं. यूरी ट्राइसमन यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात, बर्कलीला, उलट वाट धरली. कॅल्क्युलसमध्ये, म्हणजे गणिताच्या पहिल्या वर्षीच्या एका विषयात, मागे पडणारी कृष्णवर्णीय मुलं भरपूर अभ्यास करत होती, पण एकेकटी बसून, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी उजळणीचे वर्ग काढले नाहीत. अधिक कठीण गणितं दिली आणि ती गटात बसून सोडवायला लावली. निकाल लक्षणीय सुधारले. जादा तासाचं नाव आणि रूप दोन्ही बदला : सगळ्यांना खुला, गटात चालणारा, अवघड प्रश्नांचा तास.

नवखे आणि सरावलेले एकत्र बसवणं

शाळेपासून कोडिंग करणारा पुढच्या बाकावरून पटापट उत्तरं देतो, पहिल्यांदाच कीबोर्डला हात लावणारा गप्प होतो आणि आपलंच काहीतरी कमी आहे असं समजतो. अमेरिकेतल्या हार्वी मड कॉलेजने २००६ च्या सुमारास प्रोग्रॅमिंगचा पहिला अभ्यासक्रम पूर्वानुभवानुसार वेगळ्या तुकड्यांत विभागला. परीक्षेच्या गुणांऐवजी 'याआधी किती कोड लिहिला आहे' एवढाच प्रश्न विचारून ही विभागणी होऊ शकते.

सोडून गेलेल्याशी न बोलणं

कार्यालयातल्या फॉर्मवर 'वैयक्तिक कारण' एवढंच लिहिलेलं असतं आणि फाइल बंद होते. विषय सोडण्याचा अर्ज आला की सही करण्याआधी कोणी तरी दहा मिनिटं बसावं आणि नेमकं विचारावं : कोणत्या आठवड्यापासून समजेनासं झालं, तेव्हा कोणाला विचारलं, त्यांनी काय सांगितलं. पुढच्या सत्रात हाच विषय पुन्हा घेता येतो का आणि त्यासाठी कोणता अर्ज कुठे द्यायचा, हे त्याच बैठकीत लिहून द्यावं. अशा पंधरा-वीस नोंदी जमल्या की त्यांत तोच आठवडा आणि तोच धडा पुन्हा पुन्हा दिसतो का ते पाहा. दिसला, तर पुढच्या वर्षी दुरुस्ती तिथूनच सुरू करा.