मेकॅनिकलची पदवी घेऊन पेटंटच्या खटल्यांत उतरायचं असेल तर

मेकॅनिकल झालेली मुलं मला विचारतात, मॅडम, आता वकिलीकडे कसं वळायचं? पदवीनंतर तीन वर्षांचं एलएलबी, बार कौन्सिलची सनद म्हणजे वकिलीचा परवाना, ऑल इंडिया बार परीक्षा. पेटंट एजंटची परीक्षा इंजिनिअरला एलएलबीआधीही देता येते, पण ती पेटंट ऑफिसपुरती. कोर्टात उभं राहायला सनदच लागते.

खरं काम क्लेम वाचण्याचं, म्हणजे शोधातल्या नेमक्या कशावर हक्क आहे ते सांगणारं पेटंटमधलं वाक्य. पुण्याच्या बजाजने टीव्हीएसविरुद्ध लढवलेलं दोन स्पार्क प्लगच्या इंजिनाचं प्रकरण आधी वाचा. मद्रास हायकोर्टात २००८ साली बजाजला मनाई हुकूम मिळाला, २००९ मध्ये खंडपीठाने तो उठवला. क्लेममध्ये सिलिंडरला दोन व्हॉल्व्ह, टीव्हीएसच्या फ्लेम मोटरसायकलला तीन. असा फरक शोधायला कागदावर दोन रकाने आखा: डावीकडे क्लेमचा एकेक तुकडा लिहा, उजवीकडे समोरच्या इंजिनातला त्याच्याशी जुळणारा भाग. उजवा रकाना जिथे अडतो, तिथेच खटल्याचा जीव असतो. माझ्या ज्युनिअरना मी हे पेन्सिलीने, हातानेच करायला लावते. क्लेमचा एकेक तुकडा तेव्हाच नीट दिसतो.

मग पेटंट कायद्याचं कलम ६४ पक्कं करा, पेटंट रद्द करण्याची कारणं त्यात आहेत. प्रतिवादीने प्रतिदाव्यात, म्हणजे त्याच खटल्यातल्या आपल्या उलट दाव्यात, तशी मागणी केली, की कलम १०४ नुसार जिल्हा न्यायालयातला दावा हायकोर्टात जातो. म्हणून सुरुवातीपासून हायकोर्टातला सिनिअरच धरा.