वीज कंपनीच्या सौर प्रकल्पाचा हिशेब कसा तपासावा

महानिर्मितीचा धुळे जिल्ह्यातला साक्रीचा सौर प्रकल्प १२५ मेगावॉटचा: ७५ मेगावॉट क्रिस्टलाइन (स्फटिक सिलिकॉनची) पॅनेल, ५० मेगावॉट थिन फिल्म (पातळ थराची). असा प्रकल्प कसा चाललाय हे आधी सीयूएफवरून, म्हणजे क्षमतेचा किती टक्के वापर झाला यावरून कळतं. वर्षभरात उपकेंद्राच्या मीटरवर नोंदलेल्या युनिटना क्षमता गुणिले ८,७६० तासांनी भागा. १२५ मेगावॉट अखंड चालले असते तर १०९.५ कोटी युनिट झाली असती. १९ टक्के सीयूएफ धरला तर सुमारे २०.८ कोटी. क्षमता एसीची (इन्व्हर्टरची) घेतलीय की डीसीची (पॅनेलची), ते अहवालात शोधा. पॅनेल बहुधा इन्व्हर्टरच्या, म्हणजे डीसी विजेची एसी करणाऱ्या यंत्राच्या क्षमतेपेक्षा जास्त बसवतात, त्यामुळे एसीवर काढलेला आकडा फुगतो.

सीयूएफ ढगांवरही अवलंबून असतो, म्हणून यंत्रणेतला दोष पीआरवरून शोधायचा: पडलेल्या उन्हातून अपेक्षित विजेच्या किती टक्के मिळाली ते प्रमाण. १ मेगावॉट-पीक (चौरस मीटरला १ किलोवॉट उन्हात १ मेगावॉट देणाऱ्या) पॅनेलच्या उतारावर महिन्यात चौरस मीटरला १६५ युनिट ऊन पडलं, तर १,६५,००० युनिट अपेक्षित. मीटरवर १,२८,७०० असतील तर पीआर ७८ टक्के.

फसगत होते ती ऊन मोजणाऱ्या पायरॅनोमीटरमुळे. त्याच्या काचेवर धूळ बसली की ऊन कमी नोंदलं जातं आणि पीआर उगाच सुधारलेला दिसतो! तो रोज सकाळी पुसा. एप्रिल-मेमधली घसरण बरीचशी उष्णतेची: क्रिस्टलाइन सेल २५ अंशांच्या वर दर अंशाला साधारण ०.४ टक्के गमावतो, म्हणजे ६० अंशांना १४ टक्के. थिन फिल्मची घट कमी, तेव्हा दोघांचा पीआर वेगळा काढा.

तरीही जुळत नसेल तर भर दुपारी कंबाइनर बॉक्समध्ये, म्हणजे स्ट्रिंगच्या (एकामागोमाग जोडलेल्या पॅनेलच्या ओळींच्या) तारा एकत्र येतात त्या पेटीत, क्लॅम्पमीटरने प्रत्येक स्ट्रिंगचा करंट मोजा. बाकी सगळ्या आठ अँपिअरवर आणि एकच शून्यावर असेल तर फ्यूज किंवा कनेक्टर गेलाय. २४ पैकी एक स्ट्रिंग म्हणजे त्या बॉक्सचं ४ टक्के उत्पादन. फ्यूज काढण्याआधी आयसोलेटर (वीज तोडणारा स्विच) बंद करून करंट शून्य झाल्याची खात्री करा. डीसीची ठिणगी सहज विझत नाही. ग्रिड बंद असल्याचे तास वेगळे लिहा, पॅनेलच्या माथी मारू नका.

आता खर्च. उदाहरणापुरतं धरा: १ मेगावॉटला ४ कोटी, व्याज ९ टक्के, मुदत २५ वर्षं, देखभाल वर्षाला ५ लाख. भांडवलाचा वार्षिक हप्ता ४०.७ लाख. १९ टक्क्यांना १६.६४ लाख युनिट, म्हणजे युनिटला २ रुपये ७५ पैसे. व्याज विसरून एकूण खर्चाला नुसत्या युनिटनी भागलं की १ रुपया २६ पैसे येतात, आणि असे आकडे मिरवले जातात. सीयूएफ १७ वर आला की दर ३ रुपये ७ पैसे. पॅनेलची दरसालची घट आणि मधेच बदलावे लागणारे इन्व्हर्टर यात अजून धरलेले नाहीत.