पूर येण्याआधी खातं तपासा: मदतीचे पैसे अडकवणाऱ्या या चुका टाळा

कोल्हापुरात पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना गेलं की इशारा पातळी, ४३ ला धोका पातळी. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचे ४० आणि ४५. हे आकडे नदीकाठच्या गावांत शाळकरी पोरांनाही पाठ असतात. पाणी चढायला लागलं की माणसं धान्य माळ्यावर टाकतात, जनावरांची सोय बघतात, कागदपत्रं प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधतात. पण ज्या खात्यावर नंतर मदत यायची ते खातं चालू आहे का, हे कुणी बघत नाही. ते कळतं पाणी ओसरल्यावर, चावडीवर यादी लागते तेव्हा.

मदत किती मिळावी यावर आपल्याकडे भरपूर भांडण होतं आणि व्हायलाही हवं. मात्र पैसा कोणत्या वाटेने येणार हे पूर येण्याच्या कितीतरी आधी ठरलेलं असतं. निराधार पेन्शन, पीएम किसान, लाडकी बहीण यांचे पैसे ज्या वाटेने येतात, त्याच वाटेने पुराचेही येतात. तेव्हा या नेहमीच्या हप्त्यांकडे रंगीत तालीम म्हणूनच बघायला हवं. तालमीत अडलेलं पुरात सुटत नाही. घरोघरी, बचत गटात आणि ग्रामपंचायतीत होणाऱ्या ज्या चुका उन्हाळ्यातच दुरुस्त करता येतात, त्या पुढे दिल्या आहेत.

‘आधार लिंक आहे की!’ म्हणून गप्प बसणं

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज हाच. बँकेत आधारची झेरॉक्स दिली, तिच्यावर शिक्का बसला, म्हणजे काम झालं असं वाटतं. पण बँकेने तुमचा आधार क्रमांक आपल्या नोंदीत घेणं वेगळं आणि एनपीसीआय या देशाच्या पेमेंट महामंडळाच्या मॅपरमध्ये, म्हणजे कोणत्या आधाराचा पैसा कोणत्या बँकेत जायचा या यादीत, तुमच्या आधारासमोर त्या बँकेचं नाव लागणं वेगळं. डीबीटीचा, म्हणजे सरकारकडून थेट खात्यात येणारा पैसा पासबुकावरचा खाते क्रमांक बघत नाही, मॅपर बघतो. तिथे एका आधाराला एकच बँक असते, सगळ्यात शेवटी जोडलेली.

म्हणून असं होतं: आजीचं खातं जिल्हा बँकेत, पासबुक तिथलं, सगळा व्यवहार तिथला. मध्येच नातवाने कुठल्याशा योजनेसाठी तिच्या नावाने दुसऱ्या बँकेत झिरो बॅलन्स खातं काढलं आणि फॉर्मवर जिथे बोट दाखवलं तिथे अंगठा घेतला. आता पैसा तिकडे जातो आणि आजी जिल्हा बँकेत पासबुक भरून भरून दमते. २०१७ साली हे देशपातळीवर गाजलं होतं. मोबाइल सिमची आधार पडताळणी करताना ग्राहकांच्या नकळत एका पेमेंट बँकेत खाती उघडली गेली आणि त्यांच्या गॅसचं अनुदान तिकडे जमा होत राहिलं. पैसे आले नाहीत अशी ओरड होते तेव्हा कित्येकदा ते आलेले असतात, भलत्याच घरी उतरलेले असतात.

उपाय फुकटचा आहे. ‘माय आधार’ संकेतस्थळावर लॉगिन करून ‘बँक सीडिंग स्टेटस’ बघा. बँकेचं नाव आणि ती जोडणी चालू की बंद, हे तिथे दिसतं. आपल्याला तेवढंच पुरतं. त्यासाठी ओटीपी लागतो, म्हणजे आधारला जोडलेला मोबाइल नंबर चालू हवा. रिचार्ज संपून बंद पडलेला नंबर हे या सगळ्या गोंधळाचं निम्मं मूळ आहे. बँक चुकीची दिसली तर हव्या त्या शाखेत आधार सीडिंगचा संमती अर्ज द्या. तिथे ‘लिंक करा’ म्हणू नका, ‘डीबीटीसाठी एनपीसीआयला मॅप करा’ असं स्पष्ट सांगा. काही दिवसांनी स्टेटस पुन्हा बघा, कारण अर्ज टेबलावर राहून जातात.

याहून सोपी परीक्षा म्हणजे पीएम किसानचा मागचा २,००० रुपयांचा हप्ता कोणत्या पासबुकात पडला ते बघणं. जिथे तो पडला, तिथेच पुराची मदत शोधायची.

खातं झोपलंय हे माहीतच नसणं

जनधन योजना ऑगस्ट २०१४ मध्ये सुरू झाली. त्या वेळी उघडलेल्या खात्यांची केवायसी दहा वर्षांनी पुन्हा करावी लागते. २०२५ च्या पावसाळ्यात त्यासाठी ग्रामपंचायतींमध्ये शिबिरंही झाली. जी माणसं तेव्हा ऊसतोडीला किंवा पुण्या-मुंबईला कामावर होती ती राहून गेली. केवायसी राहिली की पैसे जमा होण्यात नाहीतर निघण्यात अडचण येते. अपुऱ्या कागदपत्रांवर उघडलेल्या ‘स्मॉल अकाउंट’ची गोष्ट आणखी वेगळी: त्यात एरवी ५० हजारांपेक्षा जास्त शिल्लक ठेवता येत नाही, वर्षभरात एक लाखापेक्षा जास्त जमा चालत नाही आणि महिन्याला १० हजारांपेक्षा जास्त काढता येत नाहीत. सरकारी मदत जमा होताना शिल्लक आणि जमेच्या मर्यादा आड येत नाहीत, पण घर पडल्याच्या मदतीचा हप्ता काढताना अडकतो आणि काउंटरवरचा माणूस फक्त ‘लिमिट’ एवढंच म्हणतो.

निराधार आणि श्रावणबाळ योजनेच्या लाभार्थ्यांनी हयातीचा दाखला वेळेत द्यावा. पेन्शन एकदा थांबली की नाव चालू यादीतून बाजूला पडतं आणि नेमकं संकटात ‘यांना आधी द्या’ म्हणायला कागदच उरत नाही.

मदत जमिनीच्या मागे जाते हे विसरणं

पिकाच्या नुकसानीची मदत हेक्टरवर मोजली जाते. २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या केंद्राच्या निकषांप्रमाणे नुकसान ३३ टक्के किंवा अधिक असेल तर कोरडवाहूला हेक्टरी ८,५००, बागायतीला १७,००० आणि बहुवार्षिक पिकाला २२,५०० रुपये, तेही दोन हेक्टरपर्यंत. महाराष्ट्राने २०२५ च्या अतिवृष्टीत ही मर्यादा तीन हेक्टर केली. हेक्टर कितीही वाढवले तरी ते सातबाऱ्यावरच्या नावालाच मिळतात.

आणि सातबारा म्हणजे अनेक घरांत मेलेल्या माणसाची हजेरी. आजोबा जाऊन पंधरा वर्षं झाली, वारस नोंद नाही. किंवा तीन भाऊ सामाईक खातेदार, एक मुंबईत, दोघांत बोलणं बंद. मदत एकाच्या खात्यावर घ्यायची तर बाकीच्यांचं संमतीपत्र लागतं आणि पुराच्या चिखलात भावकी एकत्र येईल या आशेवर कुणी राहू नये. वारस नोंदींसाठी २०२५ मध्ये ‘जिवंत सातबारा’ मोहीम निघाली, तिच्यात राहिलं असेल तर ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे आपल्या तलाठ्याकडे, आत्ताच जा. ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाइलवरून आपल्या पिकाची नोंद, दर हंगामात स्वतः करा. अ‍ॅग्रिस्टॅकचा शेतकरी ओळख क्रमांकही काढून ठेवा. २०२५ मध्ये तो असलेल्यांना मदतीसाठी ई-केवायसीतून सूट मिळाली. बाकीच्यांना व्हीके नंबरची, म्हणजे मदतीसाठीच्या विशिष्ट क्रमांकाची, यादी येण्याची वाट बघून सेवा केंद्रासमोर रांग लावावी लागली.

बटईने करणारा मात्र या सगळ्यात कुठेच नाही. बियाणं त्याचं, खत त्याचं, पीक वाहून गेलं त्याचं, आणि मदत मालकाच्या खात्यात. यावर घरगुती उपाय एकच दिसतो: बटईचं बोलणं होतानाच ‘सरकारी मदत आली तर कशी वाटायची’ हे चार लोकांसमोर ठरवून कागदावर आणणं. कागद कोर्टात किती टिकेल हा प्रश्न वेगळा, गावात टिकतो.

शेतमजुरांचं तर नुकसानही मोजलं जात नाही. रान पाण्याखाली गेलं म्हणजे महिनाभर काम नाही, पण बुडालेल्या रोजाचा पंचनामा कोण करणार? केंद्राच्या निकषांत एक ओळ आहे, जी गावात फार थोड्यांना ठाऊक असते. उपजीविकाच गंभीरपणे बाधित झालेल्या कुटुंबातल्या दोन प्रौढांना रोजगार हमीच्या मजुरीदराने दिवसाप्रमाणे मदत देण्याची तरतूद तिथे आहे. ती आपोआप मिळत नाही. ग्रामपंचायतीने मजूर कुटुंबांची यादी आधीच तयार ठेवून तहसीलदारांकडे लेखी मागणी केली तरच विषय निघतो. १९७२ च्या दुष्काळात याच राज्याने सातबारा न विचारता मदत पोचवली होती. १९७३ च्या मे महिन्यात सुमारे ५० लाख लोक दुष्काळी कामांवर होते, आणि त्यातूनच पुढे १९७७ चा रोजगार हमी कायदा झाला.

सगळी भिस्त अंगठ्यावर ठेवणं

पूर ओसरल्यानंतरचं सेवा केंद्र डोळ्यांसमोर आणा. लाइट जाते-येते, मशीन इन्व्हर्टरवर. साठीची बाई चिखल उपसून आलेली, बोटांची कातडी पाण्याने सुरकुतलेली. अंगठा उठत नाही. ‘मावशी, पदराला पुसा, दुसरं बोट ठेवा.’ तेही उठत नाही. सर्व्हर डाऊन. ‘उद्या या.’ उद्या यायला एसटी सुरू झालेली नाही.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात एटीएम बंद, बँका पाण्यात अशी स्थिती होती. सानुग्रह अनुदान ग्रामीण भागात १० हजार, शहरी भागात १५ हजार रुपये जाहीर झालं आणि त्यातले ५ हजार रोख द्यावे लागले. डिजिटल वाट उत्तम, पण पुराच्या पहिल्या आठवड्यात नोटच चालते. म्हणून जूनच्या आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे बोटांचे ठसे आणि डोळ्यांचं स्कॅन आधार केंद्रात अपडेट करून घ्या. एटीएम कार्ड चालू ठेवा. दुसऱ्या तालुक्यात, उंचावरच्या गावात बँकेचा ग्राहक सेवा प्रतिनिधी कोण, हे माहीत असू द्या. आधारच्या अंगठ्यावर एका वेळी १० हजारांपर्यंतच रक्कम निघते, हेही लक्षात ठेवा.

पंचनामा होईपर्यंत एक रुपयाही न हलवणं

ही चूक घरांची नाही, यंत्रणेची आहे, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी. दुभती म्हैस दगावली तर निकषाप्रमाणे ३७,५०० रुपये मिळतात. तीच म्हैस आदल्या दिवशी टेम्पोत घालून उंचावर न्यायला, आठवड्याची वैरण घ्यायला जो खर्च येतो तो मालकाने खिशातून करायचा. खिशात नसेल तर म्हैस दावणीलाच.

बांगलादेशात जुलै २०२० मध्ये जमुना (ब्रह्मपुत्रा) नदीच्या पुराचा अंदाज आल्यावर जागतिक अन्न कार्यक्रमाने पाणी शिगेला जाण्याआधी कुटुंबांच्या मोबाइल खात्यात ४,५०० टका टाकले. नंतरच्या अभ्यासात दिसलं, की ज्यांना हे पैसे मिळाले त्यांच्यावर दिवसभर उपाशी राहण्याची वेळ येण्याची शक्यता ३६ टक्क्यांनी कमी होती. आपल्याकडे ‘सेवा’ या कष्टकरी बायकांच्या संघटनेने उन्हाच्या बाबतीत असंच केलं. २०२४ च्या उन्हाळ्यात गुजरात, राजस्थान आणि महाराष्ट्रातल्या सुमारे ५० हजार कष्टकरी बायकांना पारा चाळिशीपार गेल्यावर थेट ४०० रुपये देण्याची सोय होती. कुणाची किती मजुरी बुडाली याचा पंचनामा नाही, पारा हाच पंचनामा.

आपल्या नद्यांना तर पातळीचे ठरलेले आकडे आधीच आहेत. राज्याने लाडकी बहीण किंवा निराधारच्या यादीवर पूरप्रवण गावांसाठी एक जादा हप्ता बांधून ठेवला तर तो टाकायला नवीन यंत्रणा लागणार नाही. तोवर गावपातळीवर करता येण्यासारखं आहे. उमेदच्या, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानातल्या, बचत गटांच्या ग्रामसंघांकडे अडचणीतल्या घरांसाठी जोखीम प्रवणता निधी असतो. त्यातून एकट्या बायका, दिव्यांग, अंथरुणाला खिळलेली माणसं असलेल्या घरांना हलण्यासाठी रक्कम द्यायचा ठराव मे महिन्यातच करून ठेवा: किती रुपये, कुणाला, आणि पाण्याची कोणती पातळी आली की. ३९ फुटांची वाट बघाल तर हातात फार थोडा वेळ उरतो. धरणाचा वाढता विसर्ग आणि केंद्रीय जल आयोगाचा अंदाज मिळून आधीचा टप्पा ठरवा. अंदाज कधी चुकेल, पाणी येणार नाही आणि पैसे दिले गेले असतील. म्हणून पुढच्या वर्षी ठराव मोडीत काढू नका. गरीब घरात गेलेले हजार-दोन हजार वाया जात नाहीत.

फक्त चालू लाभार्थ्यांचीच यादी धरणं

योजनेची यादी तयार असते म्हणून तीच वापरायचा मोह होतो. पण पूर पात्रता विचारून येत नाही. केनियाच्या उत्तरेकडच्या तुर्काना, मार्साबिट, मंडेरा आणि वजीर या दुष्काळी भागांत यावर चांगली तोड निघाली. नियमित पैसे सुमारे एक लाख कुटुंबांना, पण नोंदणी आणि बँक खाती जवळपास सगळ्याच कुटुंबांची आधीच उघडून ठेवलेली. उपग्रहावरून चारा आटल्याचं दिसलं की नेहमीच्या यादीबाहेरच्यांनाही त्या वेळेपुरते पैसे. आपल्या गावात एवढं तरी होईल: भाडेकरू, पाल टाकून राहिलेली कुटुंबं, वीटभट्टीवरचे मजूर यांची खाती आणि मॅपिंग आशाताई व बचत गटाच्या मदतीने तपासून घेणं.

जमा झालं म्हणजे हातात आलं असं समजणं

मदत कर्जात वळती करू नये, असा आदेश शासन निर्णयात असतो. तरीही खातं ‘होल्ड’ केल्याच्या तक्रारी दर वेळी येतात. तोंडी वाद घालत बसू नका. शाखाधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्या, शासन निर्णयाची प्रत जोडा, पोच घ्या आणि एक प्रत तहसीलदारांना द्या. अग्रणी बँकेच्या जिल्हा व्यवस्थापकांकडेही तक्रार करता येते.

याच दिवसांत ‘अनुदान मंजूर झालं, लिंक उघडा’ असे मेसेज आणि मोबाइलमध्ये फसवं सॉफ्टवेअर बसवणाऱ्या एपीके फाइल फिरतात. मदतीसाठी कोणतंही सरकारी कार्यालय फोनवर ओटीपी मागत नाही. गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर असा मेसेज दिसला तर ग्रुप अ‍ॅडमिनने तो तिथल्या तिथे काढावा, आणि कुणाचे पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर फोन करावा.